देव मानत नसलेल्या माणसावर भरवसा ठेवायचा की नाही?

चाकण_ते_कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण गेले काही दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे टाकतोय.

माझं लग्नाचं बघणं चालू आहे. वय ३१, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, घर कोथरूडला, आईबाबा सोबत. बायोडेटात मी सरळ लिहिलंय की मी देव मानत नाही. घरी गणपती बसतो, आईची रोजची पूजा असते, त्याला माझी काहीच आडकाठी नाही, हार-दुर्वा आणायला मीच मंडईत जातो. फक्त मला स्वतःला ते खरं वाटत नाही आणि तसं लपवून लग्न करायचं नाही.

परवा सदाशिव पेठेत एका घरी कांदेपोह्याचा कार्यक्रम झाला. मुलीशी फोनवर आधीच बोलणं झालं होतं, तिला या गोष्टीचं काही वाटत नव्हतं. तिचे वडील बँकेतून रिटायर झालेले, अगदी सज्जन माणूस. सगळं छान चाललेलं आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही देव मानत नाही. मग उद्या तुमच्या मनात काही वाकडं आलं तर तुम्हाला अडवणार कोण? आम्हाला निदान देवाची भीती आहे."

मी म्हटलं कायदा आहे, घरचे संस्कार आहेत. पण बोलता बोलता मलाच ते पोकळ वाटलं. कायदा म्हणजे पण भीतीच ना, देवाच्या जागी पोलीस. आणि संस्कार म्हणाल तर ते आईकडून आले आणि आई तर पक्की श्रद्धाळू! म्हणजे माझा प्रामाणिकपणा हा मुळात धर्माकडून उसना घेतलेला आहे का? मी मूळ भांडवल नाकारतोय आणि व्याजावर जगतोय असं काहीसं?

त्या काकांचा मला राग आलेला नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं आणि मलाही हवंय. नीतिमत्ता देवाधर्माशिवाय उभी राहू शकते का? आस्तिक-नास्तिक दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहा, फक्त एकमेकांच्या अंगावर येऊ नका प्लीज.

पेठी_बाणा

एवढा विचार कशाला, बायोडेटात आस्तिक लिहून टाका ना. निम्मे लोक तसंच करतात, लग्न झाल्यावर कोण विचारतंय.

हडपसरचे_माळकरी

राम कृष्ण हरी. वरच्या भाऊंचा सल्ला अजिबात ऐकू नका दादा, संसाराची सुरुवात खोट्याने करायची नसते.

मी माळकरी आहे, दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढतो, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूचं असणार ते तुम्हाला कळलंच असेल. तरी सांगतो, त्या वडिलांची काळजी खरी आहे पण देवाची भीती हे उत्तर मला पटत नाही. भीतीपोटी धरलेला नेम टिकत नाही, संधी मिळाली की माणूस पळवाट काढतो, आधी पाप करतो आणि मग अभिषेक करून मोकळा होतो. असले लोक आम्हीही बघतो की.

पण धर्माने माणूस सुधारत नाही असं म्हणाल तर तेही मी मान्य करणार नाही. आमच्या दिंडीत असे कितीतरी जण आहेत की माळ घातली आणि दारू सुटली. घरच्यांनी हात टेकले होते, डॉक्टर झाले, नवस झाले, सुटली ती माळ घातल्यावर. मी त्यांच्याशी बोललोय. देव शिक्षा करेल म्हणून सुटली असं त्यातला एकही म्हणत नाही. संध्याकाळी ज्या वेळेला पाय गुत्त्याकडे वळायचे त्या वेळेला आता हरिपाठ असतो, शेजारी बसणारे पण माळकरीच, एक दिवस आला नाहीस तर दुसऱ्या दिवशी विचारतात का रे काल कुठे होतास. संगत आणि नेम, या दोन गोष्टी आहेत त्यात.

आता नाथबाबांची, म्हणजे संत एकनाथांची गोष्ट घ्या. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन निघाले, रामेश्वराला अभिषेक करायचा म्हणून, आणि वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होतं, त्याला ती सगळी गंगा पाजली. बरोबरचे लोक हळहळले की एवढी पायपीट फुकट गेली. विधी बघितला तर पाणी रामेश्वराचंच होतं. पण नाथांना त्या गाढवात रामेश्वर दिसला. आता हे तुम्ही श्रद्धेशिवाय कसं समजावून सांगाल? माझं म्हणणं एवढंच की श्रद्धा असली की काही माणसांना दुसऱ्याचं दुःख जास्त लख्ख दिसतं. सगळ्यांना दिसतं असं नाही. पंढरीचा विठ्ठल दलितांना भेटावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली तिथेच उपोषणाला बसावं लागलं, दार अडवून बसलेले काही नास्तिक नव्हते.

तुकोबांनी तर सांगूनच ठेवलंय की खऱ्याखोट्याचा निवाडा करताना मनाला साक्षी ठेवलं, बहुमताला नाही. म्हणजे साक्ष मनाचीच. तेव्हा तुम्ही देव मानत नाही याने माझं काही बिघडत नाही, पण एक प्रश्न तुम्हाला विचारतो आणि त्याचं उत्तर द्या. आमच्याकडे नेम आहे, संगत आहे. मन डळमळतं तेव्हा धरायला तुमच्याकडे काय आहे?

निमा_मानसशास्त्र

माळकरी काकांचा रिप्लाय फार आवडला, विशेषतः शेवटचा प्रश्न. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे अभ्यासांमधून काय दिसतं ते सांगते.

पहिलं म्हणजे त्या काकांना जे वाटलं ते जगभर वाटतं. २०१७ साली १३ देशांमध्ये एक अभ्यास झाला, भारतही त्यात होता. लोकांना एका माणसाचं वर्णन दिलं, लहानपणी प्राण्यांना छळायचा, मोठा झाल्यावर बेघर लोकांचे खून केले वगैरे. मग विचारलं की हा नुसता शिक्षक असण्याची शक्यता जास्त की शिक्षक आणि शिवाय अमुक असण्याची. काही जणांना "अमुक"च्या जागी श्रद्धाळू दिलं होतं, काही जणांना देव न मानणारा. आता खरं तर नुसता शिक्षक असण्याचीच शक्यता नेहमी जास्त असणार, कारण दुसऱ्यात अट वाढते. पण "देव न मानणारा शिक्षक" असा पर्याय समोर आला की लोक त्यावर बोट ठेवायचे, आणि हे चुकण्याचं प्रमाण श्रद्धाळूच्या पर्यायापेक्षा जवळपास दुप्पट होतं. आणि कमाल म्हणजे जे स्वतः देव मानत नाहीत तेही असंच चुकले! तेव्हा हा संशय फार खोल रुजलेला आहे, त्या काकांनी मनाने तयार केलेला नाही.

पण संशय खोल आहे म्हणून तो बरोबर आहे असं थोडंच आहे? १९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं, त्यातल्या काही जणांचा विषयच बायबलमधली रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला, तो अर्थात प्रयोगवाल्यांनीच बसवलेला. ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता त्यातले ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५ टक्के, आणि ज्यांना तुला उशीर झालाय पळ असं सांगितलं होतं त्यातले फक्त १० टक्के. कोण थांबणार आणि कोण नाही याचा अंदाज त्यांच्या धार्मिकतेवरून बांधता आला नाही, घाईवरून आला. कर्वे रोडला नळस्टॉपच्या सिग्नलला सकाळी साडेनऊला कोणी गाडीवरून घसरलं की काय होतं ते आठवा, बाजूने निघून जाणाऱ्यांत आस्तिक किती नास्तिक किती कोण सांगणार.

आणि आता आपल्या नास्तिक मित्रांसाठी. धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात असा एक पेपर २०१५ मध्ये आला होता, अजून लोक तो उत्साहाने फॉरवर्ड करतात. कृपया करू नका. त्यात वेगवेगळ्या देशांची आकडेवारी हाताळताना गडबड झाली होती, ती दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिली आणि २०१९ मध्ये पेपर मागे घेतला गेला. एखादा निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे म्हणून धरून ठेवायचा नाही, ही पण नीतीचीच गोष्ट आहे.

तेव्हा देव मानतो किंवा मानत नाही एवढ्यावरून माणूस कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही असं माझं मत आहे. माळकरी काका म्हणतात तो नेम, ती संगत, आणि त्या वेळची परिस्थिती, याने जास्त कळतं.

सरळ_प्रश्न

निमाताई, अभ्यास सगळे ठीक आहेत पण तुम्ही लोक कसे वागतात ते सांगताय. कसं वागायला हवं हे त्यातून कसं निघणार? देव नाही, आत्मा नाही, पुढचा जन्म नाही, तर मग चांगलं-वाईट ही नुसती आवडनिवड झाली. मला मिसळ झणझणीत लागते तुम्हाला कमी तिखट, तसं मला चोरी चालते तुम्हाला चालत नाही. हिटलरने केलं ते चूक होतं, नुसतं मला आवडलं नाही असं नाही तर चूक होतं, हे म्हणायला माणसाच्या वरचं काहीतरी लागतं. मी भांडायला आलो नाहीये, पण नास्तिकांकडून याचं सरळ उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

जुनं_पुणं

सरळ_प्रश्न, तुमचा प्रश्न चांगला आहे, म्हणून उलट एक प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट देव सांगतो म्हणून चांगली होते, की मुळात चांगली आहे म्हणून देव ती सांगतो? हे माझं डोकं नाही, प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस हेच विचारतो, जवळजवळ २४०० वर्षं झाली त्याला. देव सांगतो म्हणून चांगली असं म्हणालात तर उद्या देवाने चोरी कर सांगितलं की चोरी चांगली ठरणार, मग चांगलं या शब्दात जीव काय उरला? आणि मुळात चांगली म्हणून देव सांगतो असं म्हणालात तर चांगुलपणा देवाच्या आधीच तिथे आहे, मग तो देव न मानणाऱ्यालाही सापडू शकतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर पर्वतीवर चला. १३ ऑक्टोबर १९२९ ला अस्पृश्य समाजातल्या लोकांनी पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला आणि त्यांच्यावर दगड पडले. नीट बघा काय झालं ते. पायऱ्या चढणारे देवाच्या दर्शनासाठीच चढत होते. दगड मारणारे पण देवाच्या आणि धर्माच्या नावानेच मारत होते. दोन्हीकडे देव आहे, दोन्हीकडे श्रद्धा आहे. आज तुम्ही आणि मी, दोघंही, दगड मारणारे चुकले असं बेधडक म्हणतो. कशाच्या जोरावर? देव तर दोघांकडेही होता, मग निवाडा करायला देव पुरला नाही, दुसरं काहीतरी लागलं. दगड लागल्यावर काय होतं आणि आपल्यासारख्याच माणसाला दारातून हाकलणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला ते पुरतं. मिसळीची आवडनिवड ही नाहीये, कारण कमी तिखट खाल्ल्याने कोणाचं डोकं फुटत नाही.

आणि या शहराइतकं याचं उत्तर दुसरीकडे कुठे सापडणार? एकोणिसाव्या शतकातले तीन पुणेकर घ्या. जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा एक देव मानायचे, पण मधला भट आणि पोथीचा अधिकार मानायचे नाहीत. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे, मनापासून ईश्वरभक्त. आणि आगरकर, ज्यांनी देवच बाजूला ठेवला आणि सगळं बुद्धीवर घासून बघितलं. देवाबद्दल तिघांची तीन मतं. पण विधवांचे हाल, बायकांचं शिक्षण, बालविवाह यावर बघाल तर तिघंही जवळजवळ एकाच जागी येऊन उभे राहतात. उलट १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून फक्त १२ करायचं होतं हो, फक्त १२, तर धर्म बुडाला म्हणून याच गावात केवढं रान उठलं.

आगरकरांवर तर लोक इतके चिडले की जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. देव न मानणारा माणूस बेलगाम होतो म्हणतात ना, हा माणूस फर्ग्युसनचा प्रिन्सिपॉल झाला, मनात आणलं असतं तर बक्कळ पैसा कमावला असता, पण कमी पगारात शिकवत राहिला, दम्याने बेजार असताना लिहीत राहिला आणि चाळिशी गाठायच्या आत १८९५ मध्ये गेला. कोणता देव अडवत होता त्यांना? आणि दुसऱ्या बाजूने सावित्रीबाई बघा, १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना स्वतःला प्लेग झाला आणि त्यातच गेल्या. त्यांच्या मागे सत्यशोधकांची निर्मिकावरची श्रद्धा होती. मी यातल्या एकालाही दुसऱ्यापेक्षा कमी नीतिमान म्हणू शकत नाही, तुम्ही म्हणून दाखवा.

देहूरोड_जयभीम

जय भीम सगळ्यांना. इतका वेळ वाचतोय, एक गोष्ट खटकली ती सांगतो. तुम्ही सगळे धर्म म्हणजे देव असं धरूनच बोलताय. आमच्या घरी देव नाही, आणि तरी पंचशील लहानपणापासून आहे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला इथे देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, दरवर्षी त्या दिवशी आम्ही सगळं घर विहारात जातो. तिथे बसून पंचशील म्हणतो ते काय असतं? जीवहिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, कामवासनेत गैरवागणूक करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. हे कोणी वरून दिलेले हुकूम नाहीत, आपणच आपल्या तोंडाने घेतलेली शिकवण आहे. मोडलं तर शाप देणारा कोणी नाही आणि पाळलं तर प्रसन्न होणाराही कोणी नाही. माझ्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं पण हे त्यांना पक्कं कळलं होतं.

बाबासाहेबांनी बुद्धावर जो ग्रंथ लिहिला, त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये आला तो, त्यात हाच मुद्दा आहे. त्यांचं म्हणणं असं की एरवी धर्मात नीती ही मागे जोडलेल्या डब्यासारखी असते, गरज पडली तर जोडायची नाहीतर सोडायची. बुद्धाच्या धम्मात मात्र देवाची जागाच नीतीने घेतलीये. आता एवढा मोठा समाज नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला या वाटेवर आला आणि आज सत्तर वर्षं होत आली, आम्ही काय वाऱ्यावर सुटलो का? जैन लोकांचं बघा, जग निर्माण करणारा ईश्वर तेही मानत नाहीत आणि अहिंसेचे नियम त्यांच्याइतके कडक कोणाकडे आहेत सांगा.

त्या पेठेतल्या काकांना नम्रपणे एवढंच सांगा की अडवणारा बाहेर असायलाच पाहिजे असं नाही.

चाकण_ते_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं चांगलं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. माळकरी काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कामावरच्याच गोष्टीतून.

माझं काम म्हणजे सप्लायरकडून आलेला माल तपासणं. दुचाकीच्या डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर असतो, त्यात पिस्टन बसतो, ते पिस्टन आमच्याकडे लॉटने येतात. लॉटमधून सॅम्पल काढायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सच्या, म्हणजे चालेल एवढ्या फरकाच्या बाहेर गेला की लॉटला लाल टॅग. बोलायला सोपं आहे. महिनाअखेरीला लाईन थांबलेली असते, प्रॉडक्शनवाल्यांचे फोनवर फोन, सप्लायरचा माणूस समोर उभा, साहेब काही मायक्रॉनचाच तर प्रश्न आहे, या वेळेस ओके करा, पुढच्या लॉटला बघतो. दिवाळीच्या तोंडावर पाकीट पण येतं. रीडिंग मीच घेतो, मीच लिहितो, एक आकडा बदलला तर कोणालाही कळणार नाही, कायद्यालाही नाही.

तेव्हा माझ्या डोळ्यासमोर देव येत नाही, पोलीस पण येत नाही. एक माणूस येतो, मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं बसवलेलं, आणि तो कात्रजचा घाट उतरतोय. ओळखीचा नाही कोणी. पण तो येतोच. तेवढ्यावर माझं भागतं.

आणि नेम विचारलात तर तोही आहे. हेल्परला सांगून ठेवलंय की सॅम्पलचा ट्रे देताना सप्लायरचा टॅग उलटा करून द्यायचा. आधी रीडिंग लिहून सही, मग टॅग सुलटा. काही सप्लायर चांगले ओळखीचे झालेत, त्यांचं नाव आधी दिसलं तर हात जरा सैल पडेल असं वाटतं म्हणून.

उसन्या संस्कारांचं माझ्या मनात होतं ते पण आता जरा सुटत चाललंय. आईने मला देवाच्या नावाने पुष्कळ शिकवलं. खोटं बोलू नये, दारात आलेल्याला पाणी द्यावं, हे मी ठेवलं. पाळीत बाईने देवघरात जायचं नाही, हे पण तिनेच, त्याच देवाच्या नावाने शिकवलं, ते मी सोडलं. दोन्ही एकाच घरातून, एकाच तोंडून आलेलं. मग त्यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय हे ज्याने ठरवलं ते तरी माझं स्वतःचं आहे ना? आणि गंमत म्हणजे माझ्या बहिणीसाठी ते पाळीचं आईनेच बंद केलं, आणि तिची पूजा आजही चालू आहे.

सरळ_प्रश्न

टॅग उलटा ठेवायचं वाचून तुमच्याबद्दल आदर वाटला, मनापासून सांगतो. जुनं_पुणं यांच्या पर्वतीच्या उदाहरणावरही विचार करतोय, त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. पण माझी काळजी अजून गेली नाही. घाट उतरणारा माणूस तुम्हाला दिसतो, सगळ्यांना नाही दिसत. ज्याला दिसत नाही त्याला निदान देवाचा धाक असावा की नाही? तोही काढून घेतला तर समाजाचं काय होणार?

शिवाजीनगर_वकील

या धाकाबद्दल थोडं, रोजच्या अनुभवातून. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की देवाला स्मरून खरं सांगेन अशी शपथ घेतो. ज्याला देवाची शपथ नको असेल त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, १९६९ च्या शपथ कायद्यात तशी सोय आहे. मंत्री, आमदार, खासदार यांनाही राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय दिलेत, ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर. आता बघा, दोन्ही साक्षींचं वजन कायद्यात सारखं. खोटी साक्ष दिली तर शिक्षाही सारखी, सात वर्षांपर्यंत. देवाची शपथ घेतली म्हणून अमक्याची साक्ष जास्त खरी असं कुठलाही न्यायाधीश म्हणत नाही, म्हणूच शकत नाही, नाहीतर उलटतपासणी कशाला ठेवली असती?

आणि उलटतपासणीत काय काय बाहेर येतं ते मी रोज बघतो. कपाळाला गंध, हातात गंडा, आणि भावाच्या वाटणीची जमीन हडपायला धडधडीत खोटं. तसंच समोरची पार्टी कितीही दबाव टाकत असली तरी जे पाहिलं तेच सांगणारी, देवाचं नाव घेत घेत थरथरत खरं बोलणारी म्हातारी पण बघितलीये. धाक ज्याला आहे त्याला राहू दे, कोणी काढून घेत नाहीये. पण त्या धाकावर विसंबून आपण पंचनामा, सह्या, कागदपत्रं सोडून देतो का? समाज चालायला तपासणी लागते आणि ती सगळ्यांची लागते.

आंबेगावची_आई

इतका वेळ नुसतं वाचत होते पण आता राहवत नाही, कारण मी सध्या त्या काकांच्याच जागी आहे, माझ्या लेकीसाठी स्थळं बघतेय. आमच्याकडे सगळं आहे, संकष्टी, नवरात्र, चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा, त्यामुळे नास्तिक जावई म्हटल्यावर माझ्याही पोटात आधी गोळाच येईल, खोटं कशाला बोलू.

पण आई म्हणून सांगते, त्या काकांना देवाबद्दल विचारायचंच नव्हतं. त्यांना विचारायचं होतं की माझ्या मुलीला हा नीट वागवेल का, आणि हे कसं विचारायचं ते न कळून त्यांनी देवाचं विचारलं. मी आता मुलांना काय विचारते सांगू? घरी कामाला येणाऱ्या मावशींनी खाडा केला तर पैसे कापता का. मित्राला उसने दिले आणि परत आले नाहीत तर काय केलं. आईबाबा आजारी होते तेव्हा रात्री दवाखान्यात कोण थांबलं. शेवटचं भांडण कोणाशी झालं आणि कशावरून. ही उत्तरं मुलगा आस्तिक असो नाहीतर नास्तिक, बनवून देता येत नाहीत, दोन वाक्यांत कळतं. आणि जमलं तर मी त्याच्या ऑफिसातल्या एखाद्या माणसाशी बोलून घेते, साहेबाशी नाही, हाताखालच्याशी.

तेव्हा चाकणवाल्या दादा, तुम्ही परत जाऊन त्या काकांना भेटा. देव आहे की नाही यावर वाद घालू नका, तो तुम्ही जिंकलात तरी स्थळ जाईल. ते टॅग उलटा करून घ्यायचं इथे लिहिलंत तसंच्या तसं त्यांना सांगा. म्हणावं माझ्या त्या हेल्परशी बोला. बँकेत आयुष्य गेलेला माणूस आहे, सही करायच्या आधी कागद न बघण्याचा मोह काय असतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि जाण्याआधी मुलीशी एकदा नीट बोला, फोनवर नाही, समोर बसून. तिला तुमच्या न मानण्याचं काही वाटत नाही हे आत्ता ठीक आहे, पण पुढे मुलं झाली की त्यांच्याकडून संध्याकाळी शुभंकरोति म्हणून घ्यायची का, मुंज करायची का, सत्यनारायणाला जोडीने बसायची वेळ आली तर तुम्ही बसणार का, हे सगळं आत्ताच बोलून घ्या. माझ्या बघण्यातल्या दोन-तीन घरांत भांडणं झाली ती देव आहे की नाही यावरून नाही झाली, पूजेला कोण बसणार यावरून झाली.

चाकण_ते_कोथरूड

ताई, सत्यनारायणाचं डोक्यातच आलं नव्हतं. जोडीने बसायला माझी हरकत नाही, फक्त संकल्प सोडताना मी मनापासून काही मागतोय असं तिने समजू नये, ते तिला आधी सांगेन. शुभंकरोतिबद्दल तिचं ऐकायचंय. शनिवारी भेटायचं ठरलंय, काकांकडे त्यानंतर जाईन.